चार फुल्या

मंदावहिनीनं माझ्याकडे काही मागावं, हेच मला पचेना. दोन वर्षं ती मला रस्त्यात बघितलं की पदर ओढून पलीकडच्या बाजूला जायची, आणि तिला तेवढी सवड मिळावी म्हणून मी पानाच्या गादीशी उगाच चुना मागत उभा राहायचो. आमचं ते ठरूनच गेलं होतं. आणि आज भर दुपारी, उन्हानं डांबर मऊ झालेलं असताना, ती लिंबायतहून चालत आमच्या पेपरच्या ऑफिसपर्यंत आली आणि जिन्याखाली उभी राहिली. वॉचमननं खालूनच हाक मारली, ‘गजेंद्रभाई, कोई बेन आयी है आपके गाव की.’ मी खाली गेलो. तिनं चप्पल काढून भिंतीशी ठेवली होती, जणू देवळातच आली होती. मला त्या चपलेचाच आधी राग आला. ‘भाऊ,’ ती म्हणाली, ‘ते चित्र शे का तुमनाकडे? धनश्रीनं?’ कोणतं चित्र, असं मी विचारलं. माहीत असून विचारलं. ‘बापना खांदावर व्हती ते. आखाजी उनी ना. घागरजोडे ठेवानं शे. फोटो एकबी नही तिना. पेपरनं कात्रण व्हतं, ते त्यास्नी चुल्हामा घालं.’ आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, घास ठेवतात. मी म्हटलं, ‘वहिनी, चिंधाच काढून देईल की. त्याचा हात कुठे गेलाय?’ ती जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाली, ‘सांगं मी. ते म्हनतस, चेहरा ध्यानमा येत नही.’ मी म्हटलं, बघतो. थांबा इथेच. आणि वर निघालो. बावीस पायऱ्या आहेत. रोज दोन दोन ओलांडतो, त्या दिवशी एकेक चढलो, कारण खणात काय आहे आणि काय नाही हे मला पहिल्या पायरीवरच माहीत होतं.

चिंधा, मंदावहिनीचा नवरा, माझा गाववाला. अमळनेरच्या बाजूचे आम्ही, एकाच शाळेत नापास झालेले. तो माझ्या चार वर्षं आधी सुरतला आला आणि मी आलो तेव्हा त्यानंच मला आपल्या खोलीत ठेवून घेतलं, आपल्या कामावर चिकटवलं. साड्या छापणाऱ्या मिलमध्ये तो ट्रेसर होता. साडीवर जितके रंग, तितक्या पारदर्शक फिल्म. प्रत्येक फिल्मवर एकेका रंगाचा भाग तेवढा काळ्या शाईनं भरायचा, आणि चारही कोपऱ्यांत बारीक फुल्या काढायच्या. सगळ्या फिल्म एकावर एक ठेवल्या आणि फुलीवर फुली बसली की गुलाबात गुलाबाचा रंग पडतो आणि पानात पानाचा. केसभर सरकली तर साडी वाया. चिंधाची फुली कधी सरकली नाही. माझी सरकायची. चूक झाली तर शाई ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची, फिल्मला ओरखडा न पडता, हेसुद्धा त्यानंच माझा हात धरून शिकवलं. माझा हात तो धरायचा तेव्हा त्याच्या बोटांना रॉकेलचा वास यायचा. मला चित्र कधी आलं नाही. अक्षर मात्र माझं चांगलं, म्हणून पुढे मी या मराठी पेपरात लागलो, पानं चिकटवायला आणि मथळे काढायला. चिंधा मिलमध्येच राहिला. लग्नात, बारशात तो मला सगळ्यांसमोर म्हणायचा, ‘हाऊ मना चेला.’ लोक हसायचे. मीही हसायचो. चेला म्हणवून घेताना किती वर्षं हसावं लागतं, ते ज्यानं हसून पाहिलं त्यालाच कळेल.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात प्लेगची बातमी फुटली त्या दिवशी मी दुपारीच घरी आलो, बायकोला म्हटलं दोन लुगडी आणि डबा घे, आणि संध्याकाळच्या गाडीनं आम्ही गावाकडे निघालो. सगळं शहरच निघालं होतं. मी पळालो असं मी म्हणत नाही. ज्याला जाता येत होतं तो गेला. दाराला कुलूप लावलं आणि लुना आतच ठेवली. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक त्याच दिवशी सकाळी गेले होते, आपल्या जीपमधून, आणि त्यांच्या ट्रस्टच्या दवाखान्यातला डॉक्टर त्यांच्यासोबत. चिंधा गेला नाही. त्याची पोरगी धनश्री तापानं फणफणली होती. सात वर्षांची. ताप कसला होता ते कुणी सांगितलं नाही. त्या दिवसांत सगळ्या तापांना एकच नाव होतं. तिला खांद्यावर टाकून तो दवाखान्यात गेला, तिथे शटर बंद. मग रिक्षा शोधत हिंडला. पोरगी खोकते हे बघून एकही रिक्षावाला थांबला नाही. मग तो माझ्याकडे आला असणार. ‘असणार’ म्हणतो, कारण त्यानं मला ते कधी सांगितलं नाही. पण माझ्याकडे लुना होती, आणि त्याच्या ओळखीत दुसऱ्या कुणाकडे चाक नव्हतं. दुसरीकडे तो कुठे जाणार होता? मोठ्या इस्पितळाकडे तो पायीच निघाला आणि रेल्वेच्या गरनाळ्याच्या, म्हणजे रुळांखालच्या बोगद्याच्या, अलीकडे कधीतरी ती खांद्यावरच गेली. त्याला ते इस्पितळाच्या दारात कळलं. मी पंधरा दिवसांनी परत आलो तेव्हा त्याला भेटायला गेलो. त्यानं मला पाणी दिलं. गावाकडे पाऊस कसा आहे, विचारलं. माझ्या दाराबद्दल एक अक्षर काढलं नाही. तेव्हा त्यानं माझं थोबाड फोडलं असतं तर बरं झालं असतं. पुढचं काहीच घडलं नसतं, असं मला आजही वाटतं.

दिवाळीनंतर त्यानं चित्रं काढायला घेतली. तीन चौकटींची पट्टी. ‘दत्तू कांडीवाला’ हा लूमवर कांड्या भरणारा माणूस, आणि समोर एक गॉगलवाले साहेब. गॉगलसाहेब कोण, हे वॉर्डातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मिलमधून सुटला की तो या पट्ट्या घेऊन पेपरांच्या पायऱ्या चढायचा. एका गुजराती पेपरनं सांगितलं, ‘भाई, आ नहीं चाले.’ चिंधा म्हणाला, लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं. दुसऱ्या एका पेपरनं छापील चिठ्ठी दिली, सखेद परत. एका मराठी साप्ताहिकानं सध्याच्या वातावरणाबद्दल दहा ओळी लिहिल्या. या तिन्ही चिठ्ठ्या त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवल्या आणि लिंबायतमध्ये चहाच्या टपरीवर दाखवत फिरला. लोकांना चित्रांपेक्षा चिठ्ठ्यांचंच कौतुक जास्त. तीन तीन पेपर ज्याला घाबरले तो चिंधा, असं त्याचं नाव झालं. ते आमच्या संपादकांच्या, विठ्ठलरावांच्या कानावर गेलं आणि त्यांनी मला विचारलं, ‘तुमचा गाववाला ना हो तो? आणा की त्याला.’ मी आणलं. पहिल्या पानावर चौकट टाकून आम्ही छापलं: इतरांनी नाकारलेली चित्रपट्टी, फक्त आमच्याकडे.

आणि इथे चिंधानं ती चूक केली. दुसऱ्या कुठल्याही चित्रकारानं कागदावर चित्र काढून त्यातच शब्द लिहिले असते. चिंधा ट्रेसर होता. त्याच्या हाताला दुसरी रीतच ठाऊक नव्हती. त्यानं चित्राची एक फिल्म केली, शब्दांची दुसरी केली, आणि दोन्हींच्या चारही कोपऱ्यांत फुल्या काढल्या. फुलीवर फुली ठेवली की दत्तूच्या तोंडाशी दत्तूचे शब्द बरोबर येऊन बसायचे. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मनापासून म्हणालो, ‘वा, हे झकास आहे.’ शुद्धलेखन चुकलं तर चित्राला हात लावायला नको, असंही म्हणालो. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. निदान मला तरी ते दिसलं नव्हतं.

पहिल्या दीडेक महिन्यात तो छापून आला तसा तसा वॉर्ड हसला. संध्याकाळी पाळी सुटली की लूमवाले पेपर हातात घेऊन दत्तूच्या तोंडचे शब्द मोठ्यानं वाचायचे. मला ते शब्द आवडत नव्हते, हे मी कुणाला सांगितलं नाही. चिंधाचं चित्र जिवंत, पण शब्द बोजड. एका वाक्यात तीनदा ‘म्हणजे’. रात्रंदिवस अक्षरांत राहणारा मी, आणि मी नुसता फुल्या जुळवायचा. मग दवाखान्याची पट्टी आली. पहिल्या चौकटीत दत्तू दाराशी, खांद्यावर पोरगी. दुसरीत गॉगलसाहेब जीपमधून म्हणताहेत, डॉक्टरला ताप येऊ नये म्हणून त्याला सोबत नेतोय. तिसरीत पुन्हा ते दार, आणि दाराच्या कुलपाला कपाळ टेकवून पोरगी म्हणते, ‘बाबा, कुलूप गार आहे.’ विठ्ठलरावांनी ती वाचली आणि चष्मा काढून ठेवला. मी त्या कुलपाकडे बघत होतो. ट्रस्टच्या दवाखान्याला शटर आहे आणि शटरचं कुलूप खाली जमिनीपाशी असतं. खांद्यावरच्या पोरीचं कपाळ तिथे पोचत नाही. चिंधानं काढलेलं दार लाकडी होतं, दोन फळ्यांचं, आणि कुलूप वर कडीला, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. कडीचा एक खिळा निघालेला. माझ्या दाराच्या कडीचा तो खिळा गेल्या पावसाळ्यात निघाला होता आणि मी अजून बसवला नव्हता. घरी जाऊन मी दाराशी उभा राहिलो. कुलपाला हात लावला. दिवसभर उन्हात असूनही ते आतून गारच लागलं. बायकोनं विचारलं, आत येताय का नाही? मी म्हटलं, खिळा बसवायला हवा. ती पट्टी आम्ही छापली, शब्द न् शब्द, आणि चिंधानं पुढच्या वेळी आल्यावर मला विचारलंसुद्धा नाही की कशी वाटली. तो मला काही म्हणत नव्हता. तो नुसतं काढून ठेवत होता. हे मी त्याला कधीही माफ केलं नाही.

निवडणुका लागल्या तसे नगरसेवकांचे लोक यायला लागले. आरडाओरडा नाही, धमक्या नाहीत. येऊन बसायचे, चहा प्यायचे, जुने अंक चाळायचे. दवाखान्याची पट्टी आली त्या महिन्याची फाइल एक जण वाचायला म्हणून घेऊन गेला, ती आजतागायत वाचतोच आहे. मालकांचा फोन आला. मी विठ्ठलरावांना म्हटलं, मग पट्टी बंद करू या. ते माझ्याकडे मायेनं बघत म्हणाले, ‘बंद कशाला? नाकारलं की तो चौथी चिठ्ठी घेऊन गावभर फिरणार. नकाराची किंमत तुम्हाला कळत नाही, गजेंद्र. आपण कुणाला नाकारत नाही. चित्र त्याचंच छापू, नाव त्याचंच छापू. शब्दांचं तेवढं तुम्ही बघा.’ मी टेबलाशी गेलो, वरची फिल्म उचलली, कोरी फिल्म घेतली, चार कोपऱ्यांत चार फुल्या काढल्या आणि लिहायला बसलो. माझ्या फुल्या त्या दिवशी सरकल्या नाहीत. गॉगलसाहेब गटाराकडे बोट दाखवत उभे होते, मूळ शब्द होते, ‘मत दिलंत ना? आता यात उतरा.’ मी लिहिलं, ‘हे काम उद्याच सुरू होईल, दत्तूभाऊ!’ आणि दत्तूच्या उघड्या तोंडाशी, ‘साहेब, तुम्ही होता म्हणून आम्ही आहोत.’ लिहिताना हाताला एक गोडी आली, खरं सांगतो. चित्राचं बोट तेच, तोंड तेच, डोळे तेच, आणि माझ्या दोन ओळींनी सगळं दुसऱ्या बाजूला फिरलं. चिंधाचा दत्तू माझं बोलत होता. विठ्ठलराव हसले. चिंधाच्या कुठल्याही पट्टीवर ते तसे हसले नव्हते.

चिंधाला आठवडाभर कळलंच नाही की लोक टपरीवर आपल्याकडे बघून का थुंकताहेत. कळलं तेव्हा तो आला. विठ्ठलरावांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की संपादकीय संस्कार सगळ्यांवरच होतात, अग्रलेखावरसुद्धा. तो माझ्या टेबलाशी आला. ‘गजा, नको छापू भो. नही म्हन. तीन पेपरवाल्यास्नी नही म्हनं, तू बी म्हन. लिखी दे.’ इतकंच मागत होता. एक नकार. कागदाचा एक कपटा, की आम्ही तुझं छापणार नाही. तो पिशवीत घालून टपरीवर दाखवला असता तर त्याचं नाव परत आलं असतं. पेन माझ्या हातात होतं. मी म्हटलं, ‘माझ्या हातात काय आहे, चिंधा? मी पानं चिकटवणारा.’ त्यानं माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं आणि गेला. चार दिवसांनी नवी पट्टी घेऊन आला, आणि या वेळी शब्द त्यानं चित्राच्या फिल्मवरच काढले होते, रेघांत रेघा गुंतवून. उचलायला वरची फिल्मच नव्हती. हुशारी केली होती बिचाऱ्यानं. मी ब्लेड घेतलं. शाई फिल्मवरून निघते, हलका हात ठेवला तर ओरखडाही पडत नाही. अर्ध्या तासात दत्तूचं तोंड मोकळं झालं.

मग मतदानाच्या आदल्या आठवड्यात नगरसेवकांच्या माणसाला आठवण झाली की लोकांच्या डोक्यात तो दवाखाना अजून बसलाय. विठ्ठलराव म्हणाले, तीच पट्टी पुन्हा लावू, नव्या शब्दांनी. मी फिल्म काढली. दत्तूच्या तोंडी लिहायचं होतं, ‘साहेब स्वतः औषध आणायला मुंबईला गेलेत. आपल्यासाठी जिवावर उदार झालेला असा माणूस दुसरा नाही.’ वाक्य लांब होतं. तोडता आलं असतं. विठ्ठलरावांनी तर सांगितलंही होतं की बसेल तेवढंच लिहा. पण मला ते सगळं बसवायचं होतं, आणि जागा एकच होती, दत्तूच्या खांद्याच्या वर, जिथे ती कुलपाला कपाळ टेकून होती. पोरगी अडचण करत होती. मला कुणी सांगितलं नव्हतं. पोरीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, हे मी कबूल करतो. मी आधी कुलूप खरवडलं. मग कडी. मग तो निघालेला खिळा, अगदी निवांत. मग वेणीपासून सुरुवात केली. तिच्या दोन वेण्या, एकीची रिबीन नेहमी सुटलेली असायची. ती खरोखरच तशी असायची, आमच्याकडे आली की माझी बायको तिला धरून बसवायची आणि बांधून द्यायची, ती जिन्यापर्यंत पोचेतो रिबीन परत सुटायची. मला ती ‘गजाकाका, लुनावर घ्या ना’ म्हणायची. रिबीन निघाली, कान निघाला, कपाळ निघालं. फ्रॉकच्या जागी काळी पावडर जमली, ती मी फुंकली. पहिल्या चौकटीतली राहिली होती, तिलाही काढलं, नाहीतर लोक विचारतील तिसऱ्या चौकटीत ती गेली कुठे. दत्तूचा हात मात्र तसाच वर राहिला, खांद्याशी वाकलेला, काहीच धरून नसलेला. तो मी तसाच ठेवला. हात काढणं मला जमत नाही.

त्या दिवशी चिंधा टेबलाशी आला तेव्हा त्याच्या हातात अंक होता. तो शब्दांबद्दल काही बोललाच नाही. ‘गजा,’ तो म्हणाला, ‘मनी पोर कोठे गई?’ मी म्हटलं, फिल्म खराब झाली होती छापताना. त्यानं चित्रातल्या त्या वाकलेल्या हातावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं. त्याच्या बोटांना अजून रॉकेलचा वास होता. मला वाटलं, आता बोलेल. आता म्हणेल, त्या दिवशी तुझ्या दारावर... मी उत्तरंही तयार ठेवली होती, एकाहून एक चांगली. त्यानं अंकाची घडी घातली आणि जिना उतरला. नंतर तो आलाच नाही. मिल सोडली, इच्छापोरला कुठल्याशा ठेकेदाराकडे लागला. टाक्यांवर नंबर आणि ‘धोका’ एवढंच रंगवतो म्हणे. पट्टी मात्र थांबली नाही. त्याच्या चाळीस-बेचाळीस फिल्म माझ्या खणात होत्या आणि शब्दांना काय तोटा? दोन वर्षं मी त्याच चित्रांवर नवे नवे शब्द चढवत आलो, खाली चिंधाचं नाव तसंच. नगरसेवक निवडून आले, पुलाचं उद्घाटन झालं, साखरेचे भाव चढले, दत्तू सगळ्यावर खूष. लोक हसायचे. पूर्वीपेक्षा जास्तच हसायचे, असं विठ्ठलरावांचं म्हणणं.

खणापाशी हे सगळं आठवायला मला फार वेळ लागला नसावा, कारण खाली वॉचमनच्या रेडिओवर मी जिना चढतानाचंच गाणं चालू होतं. दवाखान्याची फिल्म मी उजेडाला धरली. हात वर, खांदा रिकामा. चांगलं काम केलं होतं, खरवडल्याची खूणसुद्धा नव्हती. खाली जाऊन सांगता आलं असतं, ‘वहिनी, नाही ते. मी काढून टाकलं.’ वाक्य लहान होतं, कुठेही बसलं असतं. त्याऐवजी मी बाकीच्या फिल्म उलटायला लागलो आणि मला दुसरी एक पोरगी सापडली. स्वागताच्या कमानीखाली गॉगलसाहेबांना हार घालायला उभी केलेली, दोन वेण्यांची, तशाच फ्रॉकमधली. चिंधाच्या पोरी सगळ्या एकसारख्याच. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, नाकाच्या जागी काही नाही. ती पट्टी उद्याच्या पानाची होती, शब्दांची फिल्मसुद्धा मी सकाळीच करून ठेवली होती. मी कात्री घेतली आणि पोरीभोवती चौकोन कापला. हातातला हार खरवडून टाकला. मग आठवलं, रिबीन. हिच्या दोन्ही वेण्या घट्ट बांधलेल्या होत्या. एका वेणीची गाठ मी काढली आणि पेन घेऊन सुटलेली रिबीन काढली, एक वाकडी रेघ आणि तिला फाटा. आयुष्यात मी काढलेलं हे एकच चित्र. कोणत्या बाजूची रिबीन सुटायची ते आठवेना. वेणी डोळ्यांसमोर आणायला गेलो की ब्लेडच दिसायचं. डावी असेल, म्हटलं, आणि डावीकडे काढली. शाई वाळायला फुंकर मारली. चेहऱ्याचं म्हणाल, तर चेहरा मलाही आठवत नव्हता, पण तो चित्रात कुठे होता?

खाली मंदावहिनी तशीच उभी होती, अनवाणी, फरशीवर पायांचे ओले ठसे पाडून. मी फिल्म पांढऱ्या कागदावर ठेवून तिच्या हातात दिली. म्हटलं, ‘हे बघा वहिनी, सापडलं. जपून ठेवा, पाणी लागू देऊ नका.’ माझा आवाज चांगला होता. तिनं कागद बाजूला केला, फिल्म दोन बोटांत धरून दाराकडच्या उजेडाला धरली. पारदर्शक फिल्म, तिच्यामागे रस्ता दिसत होता, रिक्षा जात होत्या पोरीच्या पोटातून. ती बघत राहिली. मग तिनं फिल्म उलटी केली. मागची बाजू पुढे आली आणि रिबीन डावीकडून उजवीकडे गेली.

‘असं धरं म्हंजे बरोबर शे,’ ती म्हणाली. ‘त्यास्नी तिले कधी उलटी काढी नही.’

मी म्हटलं, फिल्मचं तसंच असतं, वहिनी, दोन्हीकडून दिसतं. ती ऐकत नव्हती. तिची नजर पोरीच्या हातावर होती. हार गेल्यावर दोन्ही तळवे तसेच पुढे राहिले होते. ‘हाई काय मांगी राहिनी, भाऊ?’ तिनं विचारलं. रागानं नाही. खरंच विचारलं, जणू ते मला माहीत असणारच. मी तोंड उघडलं. दोन वर्षांत दत्तूच्या, साहेबांच्या, म्हाताऱ्यांच्या, पोरांच्या, सगळ्यांच्या तोंडी मी शब्द घातले होते, कधी अडलो नव्हतो. मग तिनं फिल्म कागदात गुंडाळली, कागद पदरात बांधला, चप्पल पायात सरकवली. ‘राहू द्या,’ ती म्हणाली. ‘हाई बी कोनी तरी पोरच शे. आखाजीले उपाशी कशाले ठेवू?’ आणि उन्हात उतरली. या वेळी तिनं रस्ता ओलांडला नाही. माझ्याच बाजूनं, भिंतीकडेनं, सरळ चालत गेली.

वर आल्यावर विठ्ठलरावांनी उद्याची पट्टी मागितली. मी त्यांच्यासमोर फिल्म धरली. कमानीखाली चौकोनी भोक, आणि भोकासमोर मान वाकवून उभे असलेले गॉगलसाहेब. ‘हे काय झालं?’ ते म्हणाले. मी म्हटलं, खराब झाली. मी हवी तर दुसरी देतो. मी खरंच तसं म्हणालो. ते घड्याळाकडे बघून म्हणाले, राहू द्या, पापडाची जाहिरात आली आहे, ती तिथे बरोबर बसते. दुसऱ्या दिवशी दोन वर्षांत पहिल्यांदा पेपरात चिंधाचं चित्र नव्हतं, चिंधाचं नाव नव्हतं. कुणीतरी विचारेल, पट्टी का नाही, कुणी बंद केली, म्हणून मी सकाळपासून फोनजवळ खुर्ची ओढून बसलो. संध्याकाळपर्यंत एकच फोन आला. पापड कुठे मिळतात, असं एक बाई विचारत होती, आणि मी तिला पत्ता सांगितला.